ताऱ्यांचा हिशेब, पेशींचा हिशेब

मेलानोमा हा त्वचेतल्या रंगपेशींचा कर्करोग. अशा एका गाठीचा चार-पाच मायक्रॉन जाडीचा काप काचपट्टीवर चढवला जातो. सहा वेगवेगळी प्रथिनं ओळखणारी प्रतिद्रव्यं त्यावर एकामागून एक सोडली जातात आणि प्रत्येकाला वेगळ्या रंगात चमकणारं रसायन जोडलेलं असतं. अमेरिकेत बाल्टिमोर इथल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत ही पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली जाते, तेव्हा पडद्यावर काळोखात रंगीत ठिपक्यांची दाटी उमटते. कर्करोगाच्या पेशी एका रंगात, त्यांच्यावर चालून आलेल्या टी पेशी दुसऱ्या रंगात, आणि या लढाईत तटस्थ राहिलेल्या किंवा शत्रूला सामील झालेल्या पेशी तिसऱ्या-चौथ्या रंगात.

हे चित्र पाहून दीर्घिकांचा गुच्छ आठवावा, हे साहजिक आहे. पण साम्य नुसतं डोळ्यांना दिसण्यापुरतं असतं, तर त्यावर लेख लिहिण्याचं कारण नव्हतं. या कामात विकृतीतज्ज्ञ जॅनिस टाउब यांचे भागीदार आहेत अलेक्झांडर सालाय. सालाय खगोलशास्त्रज्ञ आहेत आणि त्यांच्या कारकिर्दीचा मोठा भाग आकाशाचा नकाशा तयार करण्यात गेला आहे. दोघांच्या चमूंनी उभारलेल्या व्यवस्थेचं नाव अ‍ॅस्ट्रोपाथ. तिच्यावरचा शोधनिबंध जून २०२१ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

अशी पट्टी तपासण्याची प्रचलित रीत साधी आहे. टी पेशींची गर्दी जिथे दिसेल अशा मोजक्या जागा तज्ज्ञ निवडतात आणि तिथे मोजणी करतात. अनुभवी डोळा जागा चांगल्या निवडतो, पण दुसरा तितकाच अनुभवी डोळा त्याच जागा निवडेल याची खात्री नसते. अ‍ॅस्ट्रोपाथने अख्खा काप टिपायचं ठरवलं. कापाच्या अनेक चौकटी पाडल्या, शेजारच्या चौकटींच्या कडा एकमेकींवर चढतील अशा बेताने त्या टिपल्या आणि त्या कडांच्या आधाराने सगळ्या चौकटी जुळवून एकसंध नकाशा केला. भिंगातून येणारा उजेड मध्यभागी जास्त आणि कडांना कमी असतो. दुर्बिणीच्या चित्रांत हा फरक काढून टाकण्याची रीत जुनीच आहे, ती इथे लावली. एकमेकांत मिसळलेले रंग गणिताने वेगळे केले. मग प्रत्येक पेशीला पत्ता मिळाला: ती कुठे आहे, तिच्यात कोणतं प्रथिन किती आहे, शेजारी कोण आहे.

हा खटाटोप कशासाठी? पीडी-१ या प्रथिनाला अडवणारी औषधं मेलानोमाच्या काही रुग्णांना अक्षरशः जीवदान देतात, तर काहींना त्यांचा काहीच उपयोग होत नाही. औषध महाग असतं आणि त्याचे दुष्परिणामही गंभीर होऊ शकतात. कुणाला गुण येईल हे आधी कळणं म्हणूनच मोलाचं आहे. अ‍ॅस्ट्रोपाथच्या नकाशात पेशींचा एक विरळा प्रकार हाती लागला. एरवी मारेकरी टी पेशींवर दिसणारी खूण आणि एरवी त्यांना आवर घालणाऱ्या पेशींत दिसणारी खूण, या दोन्ही एकाच पेशीत होत्या. ज्यांच्या गाठीत अशा पेशी आढळल्या, त्यांना औषधाचा गुण येण्याची शक्यता जास्त दिसली. मोजक्या चौकटी पाहणाऱ्याच्या नजरेतून इतक्या थोड्या पेशी सहज सुटल्या असत्या.

वीस प्रश्न

सालाय हे ‘स्लोन डिजिटल स्काय सर्व्हे’च्या माहितीसाठ्याचे एक प्रमुख शिल्पकार. न्यू मेक्सिकोतल्या अपाची पॉइंट इथली अडीच मीटर व्यासाची दुर्बीण २००० साली या कामाला लागली. आवडत्या ताऱ्याकडे दुर्बीण वळवून पाहण्याऐवजी तिने आकाशाचा मोठा भाग पाच रंगगाळण्यांतून शिस्तीने टिपला. पूर्वी खगोलशास्त्रज्ञ दुर्बिणीवर काही रात्री मागून घेत आणि मिळालेल्या चित्रांवर वर्षभर बसत. आता चित्रं सगळ्यांसाठी खुली होती. अडचण होती ती त्यांतून हवं ते शोधून काढण्याची.

त्या सुमारास सालाय यांची गाठ मायक्रोसॉफ्टमधल्या जिम ग्रे यांच्याशी पडली. ग्रे हे डेटाबेस या विषयातले दिग्गज, १९९८ च्या ट्युरिंग पुरस्काराचे मानकरी. साठा किती मोठा होणार, कोणती यंत्रं लागतील, ही चौकशी त्यांनी मागे ठेवली. या साठ्याला विचारावेसे वाटणारे सर्वांत महत्त्वाचे वीस प्रश्न लिहून द्या, असं त्यांनी सालाय यांना सांगितलं. वीस या आकड्यामागे विचार होता. पाच प्रश्नांतून गरजेचं स्वरूप कळत नाही आणि शंभर प्रश्न लिहायला बसलेल्या माणसाला कशाला अग्रक्रम द्यायचा हे ठरवावं लागत नाही. वीस प्रश्नांवरून साठ्याची रचना ठरली आणि २००१ मध्ये ‘स्कायसर्व्हर’ हे संकेतस्थळ सगळ्या जगासाठी उघडलं.

अ‍ॅस्ट्रोपाथमध्ये पोहोचली ती हीच कार्यपद्धती. विकृतीतज्ज्ञाचा प्रश्न असा असतो: गाठीच्या सीमेपासून अमुक अंतराच्या आत, कर्करोगाच्या पेशीला चिकटून, अमुक दोन खुणा असलेल्या टी पेशी किती आहेत? दीर्घिकेऐवजी पेशी आणि प्रकाशवर्षाऐवजी मायक्रॉन घातला, की स्लोनच्या साठ्याला विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाशी त्याची बांधणी जुळते. रुग्णालयांतल्या बहुतेक संगणक व्यवस्था मात्र बिल, विमा आणि भरती-सुट्टीच्या नोंदींसाठी घडलेल्या असतात. संशोधकाचा प्रश्न त्यांच्या दाराशी फार उशिरा येतो. ‘आरोग्यातला बिग डेटा’ या विषयावरच्या चर्चेत साठवणुकीचे आकडे फार आणि प्रश्नांची यादी क्वचित दिसते, ती त्यामुळेच.

ग्रे यांना खगोलशास्त्राचा डेटा आवडण्याचं आणखी एक कारण होतं. त्याला बाजारात कवडीचं मोल नव्हतं. तो विकत घेणारा कुणी नव्हता आणि कुणाचं खासगीपण भंगण्याचीही भीती नव्हती. त्यामुळे नव्या पद्धती बिनधास्त करून पाहता येत. जानेवारी २००७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या समुद्रात शिडाच्या होडीसह ते बेपत्ता झाले. त्यांनी बसवलेली पद्धत पुढे रुग्णालयांत शिरली, आणि तिथे डेटाला मोल आहे, मालक आहेत आणि त्यामागे माणूसही आहे.

केंब्रिजमधले शेजारी

इंग्लंडमधल्या केंब्रिजमध्ये इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅस्ट्रॉनॉमी शहराच्या एका अंगाला आहे आणि कर्करोग संशोधन संस्था दुसऱ्या अंगाला. पहिल्या ठिकाणी माइक अर्विन आणि निकोलस वॉल्टन यांच्यासारखे लोक आकाशातल्या दाट गर्दीच्या चित्रांतून तारे वेचण्याचं काम वर्षानुवर्षं करत आले. या कामातल्या अडचणी ठरलेल्या असतात. पार्श्वभूमीचा उजेड सगळीकडे सारखा नसतो. दोन तारे एकमेकांना इतके चिकटून दिसतात की एकच मोठा तारा वाटावा. अंधूक ठिपका खरा, की कॅमेऱ्याची खोड, हे ठरवावं लागतं.

दुसऱ्या ठिकाणी कार्लोस काल्डास आणि त्यांचे सहकारी स्तनांच्या कर्करोगाच्या हजारो नमुन्यांशी झुंजत होते. प्रत्येक नमुन्यात इस्ट्रोजेन रिसेप्टर, हर-टू यांसारखी प्रथिनं किती आहेत, हे रंगवलेल्या कापाकडे पाहून माणसाने ठरवायचं. उपचाराची दिशा या मोजणीवर ठरते. एखाद-दोन नमुन्यांचं हे काम नेहमीचं आहे, पण संशोधनासाठी हजारो नमुने मोजायचे तर महिने जातात आणि शेवटच्या नमुन्यापर्यंत डोळे थकलेले असतात. अडचणी मात्र ताऱ्यांसारख्याच. रंग सगळीकडे एकसारखा चढलेला नाही, पेशींची केंद्रकं एकमेकांना चिकटलेली आहेत, आणि मधूनच धुळीचा कण.

ताऱ्यांसाठी लिहिलेली गणनपद्धती पेशींसाठी बेतून घेतली गेली. दोन हजारांहून अधिक स्त्रियांच्या नमुन्यांवर ती चालवली आणि यंत्राने दिलेले गुण माणसाने दिलेल्या गुणांशी ताडून पाहिले. ते चांगले जुळले. २०१३ मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ कॅन्सर’मध्ये हे काम छापून आलं. ‘बेतून घेतली’ म्हणताना बरंच काही गृहीत धरलेलं असतं. तारा बिंदूसारखा असतो आणि दुर्बिणीतून तो किती पसरट दिसेल हे आधी सांगता येतं. पेशीचं केंद्रक लांबट असतं, वाकडं असतं, अर्धं कापलेलंही असतं. म्हणून खगोलशास्त्रज्ञांना विकृतीतज्ज्ञांच्या शेजारी बसून हे दोन ठिपके की एक, याचा निवाडा पुन्हा शिकावा लागतो.

त्याच सुमारास शेजारची आणखी एक कल्पना इकडे आली. २००७ मध्ये ख्रिस लिंटॉट आणि केविन शाविन्स्की यांनी ‘गॅलेक्सी झू’ सुरू करून स्लोनच्या सुमारे दहा लाख दीर्घिका सर्वसामान्य लोकांपुढे ठेवल्या होत्या. ही चक्राकार आहे की लंबगोल, एवढंच सांगायचं. २०१२ मध्ये कॅन्सर रिसर्च यूकेने त्याच लोकांच्या मदतीने ‘सेल स्लायडर’ काढलं, आणि दीर्घिकांच्या जागी कर्करोगाचे नमुने आले. लाखाच्या आसपास लोकांनी घरी बसून पेशी ओळखल्या. एकट्या हौशी माणसाच्या उत्तरावर विसंबता येत नाही, पण एकाच चित्राला अनेकांनी दिलेली उत्तरं एकत्र केली की ती तज्ज्ञांच्या बरीच जवळ जातात.

नावं, एककं आणि लेबलं

मंगळ आणि गुरूकडून येणारी चित्रं ज्या संस्थेत उतरतात, ती नासाची जेट प्रोपल्शन लॅबोरेटरी कॅलिफोर्नियात पॅसाडेनाजवळ आहे. ग्रहांच्या मोहिमांचा डेटा एका ठिकाणी साठत नाही. वातावरणाचा एका संस्थेत, कड्यांचा दुसऱ्या, लघुग्रहांचा तिसऱ्या. हे सगळं एकाच दारातून शोधता यावं म्हणून तिथल्या डॅन क्रायटन आणि सहकाऱ्यांनी सॉफ्टवेअरचा एक सांगाडा उभारला. तो पुढे सर्वांसाठी खुला झाला आणि ‘अपाची ओओडीटी’ या नावाने ओळखला जातो.

अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने २००० साली ‘अर्ली डिटेक्शन रिसर्च नेटवर्क’ सुरू केलं, तेव्हा तिच्यापुढेही ग्रहवाल्यांचीच अडचण होती. कर्करोगाची चाहूल लवकर लागावी म्हणून रक्तातल्या-ऊतीतल्या खुणा शोधणाऱ्या डझनावारी प्रयोगशाळा देशभर पसरलेल्या. एकीकडे फुप्फुसाचे नमुने, दुसरीकडे प्रोस्टेटचे, आणि कुणाकडे काय आहे याचा दुसऱ्याला पत्ता नाही. सुधीर श्रीवास्तव यांच्या नेतृत्वाखालच्या या जाळ्याने माहितीव्यवस्थेसाठी थेट जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीला सोबत घेतलं. ही भागीदारी पुढे पुन्हा पुन्हा वाढवली गेली.

इथलं काम दिसायला अगदी रुक्ष आहे, पण सगळा कस तिथेच लागतो. एका रुग्णालयाच्या नोंदीत ‘धूम्रपान: हो/नाही’ असा रकाना असतो. दुसऱ्यात रोज किती पाकिटं आणि किती वर्षं, असे दोन रकाने. तिसऱ्यात ‘पूर्वी करत असे’ हा पर्याय आहे, चौथ्यात तो नाही. यांचा मेळ घालायचा तर आधी प्रत्येक रकान्याचा अर्थ, एकक आणि संभाव्य उत्तरं यांवर सर्वांचं एकमत व्हावं लागतं. त्यासाठी बैठका होतात, वाद होतात, समान शब्दसूची ठरते. मग प्रत्येक संस्थेत एक छोटा दुभाष्या प्रोग्रॅम बसतो. प्रश्न समान शब्दांत येतो, दुभाष्या तो स्थानिक रकान्यांच्या भाषेत उलगडतो आणि उत्तर परत पाठवतो. डेटा आपल्या जागी राहतो, प्रवास करतो तो प्रश्न.

खगोलशास्त्रात हे एकमत तुलनेने लवकर झालं. १९८१ मध्ये ‘फिट्स’ या फाइलप्रकाराची व्याख्या प्रसिद्ध झाली. चित्राच्या आधीच त्याची जन्मपत्रिका त्याच फाइलमध्ये लिहिलेली असते: कोणती दुर्बीण, कोणती गाळणी, शटर किती वेळ उघडं, आकाशात कुठे. नवा बदल करताना जुनी फाइल वाचता येईनाशी होता कामा नये, हा दंडक. हा प्रकार इतका भरवशाचा ठरला की व्हॅटिकनच्या ग्रंथालयाने आपली जुनी हस्तलिखितं जपण्यासाठी तोच निवडला. २००२ मध्ये आंतरराष्ट्रीय ‘आभासी वेधशाळे’ची आघाडी उभी राहिली, आणि पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेने पर्सिस्टंट सिस्टिम्स या पुण्याच्याच कंपनीबरोबर ‘व्हीओप्लॉट’सारखी साधनं तयार करून तिला हातभार लावला.

आयुकात पीएच.डी. करून कॅलटेकला गेलेले आशिष महाबळ यांचं काम या दोन जगांच्या सीमेवरचं आहे. ते तिथल्या सेंटर फॉर डेटा ड्रिव्हन डिस्कव्हरीत आहेत. एकीकडे आकाशात अचानक उजळणाऱ्या-मावळणाऱ्या गोष्टींचं वर्गीकरण आणि दुसरीकडे कर्करोगाच्या या जाळ्यासाठी संगणनपद्धती, अशी दोन्ही कामं ते करत आले आहेत.

अर्धवट नोंदींची भाषा

पालोमार पर्वतावरच्या ४८ इंची दुर्बिणीला २०१८ पासून नवा कॅमेरा आहे. एका चित्रात ४७ चौरस अंश आकाश मावतं, म्हणजे पौर्णिमेचे दोनशेहून अधिक चंद्र. नव्या चित्रातून जुनं वजा करायचं आणि जे बदललं असेल त्याची सूचना काढायची, असा ‘झ्विकी ट्रान्झिएंट फॅसिलिटी’चा क्रम. एखाद्या चांगल्या रात्री सूचनांची संख्या दहा लाखांच्या घरात जाऊ शकते. चिलीतल्या व्हेरा रुबिन वेधशाळेची पहिली चित्रं २३ जून २०२५ रोजी जगापुढे आली. तिच्याकडून रात्रीला एक कोटी सूचनांची अपेक्षा आहे.

यातल्या कित्येक सूचना खोट्या असतात. वजाबाकी नीट न झाल्याने उरलेला डाग, उपग्रहाची रेघ, कॅमेऱ्यातला दोष. म्हणून पहिली चाळणी खरं-खोटं करण्याची, आणि दुसरी तातडीची: आज रात्रीच मोठी दुर्बीण तिकडे वळवावी इतकं हे महत्त्वाचं आहे का? अतिदक्षता विभागात काम केलेल्या कुठल्याही परिचारिकेला हा प्रश्न ओळखीचा वाटेल. खाटेशेजारचा मॉनिटर दिवसभर वाजत असतो, बहुतेक वेळा बोटावरची क्लिप सरकलेली असते किंवा रुग्ण कुशीवर वळलेला असतो. सतत वाजणाऱ्या यंत्राकडे माणसाचं हळूहळू दुर्लक्ष होऊ लागतं, आणि तिथेच धोका असतो. ओओडीटीचा सांगाडा लॉस एंजेलिसच्या बाल रुग्णालयात अतिदक्षता विभागातल्या नोंदींच्या कामीही वापरला गेला.

आणखी खोलवरचं साम्य तुटक नोंदींचं आहे. एखाद्या ताऱ्याची तेजस्विता सोमवारी मोजली, मंगळवारी ढग, मग पौर्णिमा, मग तो सूर्यामागे गेला. हाती येतात ते विस्कळीत अंतरावरचे मोजके बिंदू. २०१७ मध्ये महाबळ आणि सहकाऱ्यांनी यावर एक देखणी युक्ती मांडली. निरीक्षणांच्या प्रत्येक जोडीत किती वेळ गेला आणि तेज किती बदललं, एवढंच घ्यायचं. अशा सगळ्या जोड्या एका चौकटींच्या पटावर मांडायच्या. प्रत्येक प्रकारच्या ताऱ्याचा पट वेगळा दिसतो, आणि चित्रं ओळखण्यात तरबेज झालेल्या न्यूरल नेटवर्कला तो वाचता येतो. नोंदी नियमित नाहीत ही अडचणच उरत नाही.

रुग्णाची फाइलही अशीच असते. साखर मार्चमध्ये तपासली, मग थेट दिवाळीनंतर, मग आजारी पडल्यावर एका आठवड्यात चारदा. युक्ती उचलून इथे लावावी असा मोह होतो, पण एक मोठा फरक आहे. ताऱ्याच्या नोंदीतली पोकळी ढगांमुळे पडते, ताऱ्याच्या प्रकृतीशी तिचा संबंध नसतो. रुग्णाच्या नोंदीतली पोकळी स्वतःच माहिती असते. डॉक्टरांना काळजी वाटली म्हणून तपासणी झाली, पैसे नव्हते म्हणून झाली नाही. बोस्टनमधल्या रुग्णालयांच्या नोंदींवरचा एक अभ्यास २०१८ मध्ये ‘बीएमजे’त आला. अनेक तपासण्यांच्या बाबतीत रुग्ण वाचेल का याचा अंदाज तपासणीच्या आकड्यापेक्षा ती कधी मागवली यावरून अधिक चांगला बांधता आला. अपरात्री रक्त मागवलं गेलं, यातच बरंच काही आलं. खगोलशास्त्राची पद्धत जशीच्या तशी आणली तर ही गोष्ट निसटते.

अंधारात राहिलेले

रात्री घाटातून खाली पाहिलं तर जवळच्या गावातला मिणमिणता दिवाही दिसतो आणि दूरच्या गावातले फक्त मोठे हॅलोजन. तेवढ्यावरून दूरच्या गावात सगळीकडे हॅलोजनच आहेत असं म्हणणं चूक. स्वीडनचे गुन्नार माल्मक्विस्ट यांनी १९२२ मध्ये ताऱ्यांच्या मोजणीतला हा दोष गणिताने मांडला. तेव्हापासून आकाशाचा कोणताही सर्व्हे प्रसिद्ध करताना सोबत सांगावं लागतं: या दुर्बिणीला काय दिसलंच नसतं? किती मंद, किती वेगवान, किती लाल? खोटे तारे चित्रात मुद्दाम पेरून त्यांतले किती सापडतात हेही पाहतात.

वैद्यकाने खगोलशास्त्राकडून काही उचलायचं असेल, तर सगळ्या गणनपद्धतींच्या आधी ही सवय उचलावी. कर्करोगाच्या तपासणी मोहिमेत हळू वाढणारी गाठ सापडण्याची शक्यता जास्त असते, कारण ती लक्षणांशिवाय वर्षानुवर्षं तिथे असते. झपाट्याने वाढणारी गाठ दोन तपासण्यांच्या मधल्या काळात उगवते आणि माणसाला गाठते. त्यामुळे तपासणीत सापडलेले रुग्ण तपासणीमुळेच जास्त जगतात हे नुसत्या आकड्यांवरून सिद्ध होत नाही. दक्षिण कोरियात याचा मोठा धडा मिळाला. तिथे सोनोग्राफीने गळा तपासून घेण्याची लाट आली आणि २०११ मध्ये थायरॉइडच्या कर्करोगाचं निदान १९९३ च्या पंधरा पट झालं. या कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंचं प्रमाण मात्र जिथल्या तिथे राहिलं. रोग पंधरा पट वाढला नव्हता. यंत्राची नजर तीक्ष्ण झाली होती, आणि एरवी आयुष्यभर त्रास न देणाऱ्या बारीक गाठी दिसू लागल्या होत्या. त्यांपायी हजारोंच्या थायरॉइड ग्रंथी काढल्या गेल्या.

कल्याणच्या तबकड्या

ही देवाणघेवाण आजची नाही, आणि एकाच दिशेची तर मुळीच नाही. १९५० च्या दशकात सिडनीजवळ पॉट्स हिल इथे सहा फुटी तबकड्यांची एक रांग सूर्याकडे तोंड करून उभी होती. अशी रांग सूर्याला एका पट्टीत मोजते. वेगवेगळ्या दिशांनी घेतलेल्या अशा पट्ट्यांवरून सूर्याचं पूर्ण चित्र बांधण्याचं गणित तेव्हा हाताने केलं गेलं. शरीराभोवती फिरून घेतलेल्या क्ष-किरणांच्या सावल्यांवरून आतलं चित्र बांधणाऱ्या सीटी स्कॅनचा प्रश्न याच जातीचा. हाउन्सफील्ड आणि कॉरमॅक यांनी तो आपल्या वाटेने सोडवला आणि १९७९ चं नोबेल मिळवलं. पण रोनाल्ड ब्रेसवेल यांनी रेडिओ खगोलशास्त्रासाठी १९६७ मध्ये रिडल यांच्यासह मांडलेली पुनर्रचनेची पद्धत पुढे स्कॅनरच्या कामीही आली. गोविंद स्वरूप हे स्टॅनफर्डला ब्रेसवेल यांचेच विद्यार्थी. त्याआधी पॉट्स हिललाही त्यांनी काम केलं होतं, आणि तिथल्या बत्तीस तबकड्या भेट म्हणून भारतात आल्या, तेव्हा त्यांनी त्या १९६५ मध्ये कल्याणला उभ्या केल्या. खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीची सुरुवात एका अर्थी तिथली.

उलट दिशेचं उदाहरण हार्वर्डचं. अ‍ॅलिसा गुडमन यांच्या चमूने मेंदूचे स्कॅन त्रिमितीत पाहण्यासाठी केलेलं ‘थ्रीडी स्लायसर’ हे सॉफ्टवेअर तारे जन्मणाऱ्या वायुमेघांसाठी वापरलं. त्या प्रकल्पातल्या मिशेल बॉर्किन पुढे हृदयाच्या धमन्यांच्या चित्रांकडे वळल्या. डॉक्टरांना सवयीची असलेली सप्तरंगी त्रिमिती चित्रं बाजूला ठेवून त्यांनी धमन्यांचा सपाट, झाडासारखा आराखडा केला आणि रंगांची पट्टी बदलली. २०११ च्या त्यांच्या चाचणीत धोक्याच्या जागा बरोबर ओळखण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांवरून ९१ टक्क्यांवर गेलं. डेटा तोच होता.

परळची पिशवी

परळच्या टाटा रुग्णालयाबाहेर सकाळी उभं राहिलं की रुग्णालयांमधला डेटा प्रत्यक्षात कसा फिरतो ते दिसतं. तो प्लास्टिकच्या पिशवीत असतो. केस पेपर, सीटीच्या फिल्म, दोन-तीन लॅबचे रिपोर्ट, आणि रुमालात किंवा डबीत जपून ठेवलेले पॅराफिनचे ब्लॉक आणि स्लाइड. गावाकडच्या लॅबमध्ये झालेलं निदान इथे पुन्हा तपासलं जातं, म्हणून नातेवाईक ते घेऊन एसटीने, रेल्वेने येतात. पिशवी हरवली तर बायोप्सी पुन्हा.

त्या ब्लॉकवरून केलेली स्लाइड यंत्राने वाचायची म्हटली, तर पहिला प्रश्न रंगाचा. प्रत्येक लॅबचा हिमॅटॉक्सिलिन-इओसिनचा रंग वेगळा चढतो, कापाची जाडी वेगळी. दुर्बिणीसाठी आकाशात प्रमाण तारे असतात. त्यांचं तेज ठाऊक असतं, त्यावरून कुठलाही कॅमेरा जुळवून घेता येतो. पट्टीवर असा प्रमाण तारा आपोआप नसतो, तो बसवावा लागतो. तो न बसवता शिकवलेलं यंत्र कसं फसतं, हे अमेरिकेत २०१८ मध्ये दिसलं. छातीच्या एक्स-रेवरून न्यूमोनिया ओळखणारं एक मॉडेल एक्स-रे कुठल्या रुग्णालयातला हे जवळजवळ अचूक ओळखू शकत होतं आणि जिथे न्यूमोनियाचे रुग्ण जास्त, तिथल्या एक्स-रेला झुकतं माप देत होतं. नव्या रुग्णालयात त्याची अचूकता घसरली.

दुसरा प्रश्न संमतीचा. ताऱ्याची परवानगी लागत नाही. १९९० च्या दशकात लटान्या स्वीनी यांनी मॅसॅच्युसेट्समधल्या नावं काढून टाकलेल्या वैद्यकीय नोंदी मतदारयादीशी ताडल्या. जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड एवढ्यावरून त्यांना खुद्द गव्हर्नरांची नोंद सापडली. त्यामुळे स्लोनसारखं सगळं खुलं करून टाका, हा सल्ला इथे चालत नाही. डेटा जागी ठेवून प्रश्न फिरवण्याची पद्धत तुलनेने सुरक्षित आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनची रचनाही त्याच वळणाची आहे. नोंदी ज्या त्या रुग्णालयातच राहतात, आभा क्रमांकाच्या आधारे आणि रुग्णाच्या संमतीने त्या दुसरीकडे दाखवता येतात.

महाराष्ट्राला हे काम नवं नाही. मुंबईत इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ मध्येच कर्करोगाची नोंदवही सुरू केली. १९८७ मध्ये बार्शीला देशातली पहिली ग्रामीण नोंदवही आली. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतली साडेतीनशेच्या आसपास गावं तिच्या कक्षेत होती. रुग्ण रुग्णालयात येईल आणि मग नोंद होईल, अशी वाट पाहिली असती तर वही कोरीच राहिली असती. म्हणून प्रशिक्षण दिलेले कार्यकर्ते गावोगाव गेले, लोकांशी बोलले, लक्षणं असलेल्यांना तपासणीसाठी आणलं, आणि मृत्यू झाले तेव्हा त्यांचीही कारणं विचारली. यंत्राला जे दिसलं नसतं ते पायी जाऊन पाहणं, हाच माल्मक्विस्ट यांच्या दोषावरचा बार्शीचा उपाय होता.

आज एकच हिमोग्लोबिन एका लॅबमध्ये ‘एचबी’ असतं, दुसरीत ‘एचबी पर्सेंट’, तिसरीत पूर्ण नावाने. भारत २०१४ पासून ‘स्नोमेड सीटी’ या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय शब्दसूचीचा सदस्य आहे आणि इथल्या रुग्णालयांना ती विनाशुल्क वापरता येते. तरी नोंद शेवटी कुणीतरी माणूस टाइप करतो: रांग खिडकीपासून दारापर्यंत गेलेली असताना, एका हाताने पावती फाडत. अनेक ठिकाणी हे पद कंत्राटी असतं आणि रकान्याचा अर्थ काय, कोणती नोंद कोणत्या शब्दात करायची, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. पॅसाडेनाच्या लोकांनी वर्षानुवर्षं बैठका घेऊन जे ठरवलं, ते काम इथे या खुर्चीवर व्हायचं आहे. त्या माणसाचं प्रशिक्षण आणि पगार यांची तरतूद अंदाजपत्रकात सर्व्हरच्या खरेदीआधी यायला हवी.